पत्र गेले कुठे? मेल सर्व्हरच्या नोंदवहीत नमुन्याने शोध



शाळेच्या वार्तापत्रासाठी संगणकावर एखादा लेख लिहून द्या, असे सरांनी सांगितले, तेव्हा मला एक जुना प्रसंग आठवला. मी याच शाळेचा माजी विद्यार्थी. काही वर्षांपूर्वी महाराष्ट्रातील एका शिक्षणसंस्थेच्या संगणक विभागात नोकरीला होतो. जून महिना संपत आला होता आणि प्रवेशाची धांदल सुरू होती. कार्यालय बंद व्हायच्या सुमारास भालकी तालुक्यातील एक गृहस्थ मुलीला घेऊन आले. मुलगी गुणवान होती. तिने सीमाभागातील विद्यार्थ्यांसाठी असलेल्या जागेवर अर्ज केला होता. आपल्याकडच्या पालकांना ठाऊकच आहे की, कर्नाटकातील वादग्रस्त सीमाभागातील ८६५ गावांतील मराठी भाषक मुलांसाठी महाराष्ट्रातील अभियांत्रिकी प्रवेशात वेगळी तरतूद आहे. त्यासाठी गावाचा आणि मातृभाषेचा दाखला जोडावा लागतो. या मुलीच्या एका दाखल्याची मूळ प्रत तीन दिवसांत आणून दाखवावी, असे पत्र संस्थेने ई-मेलने पाठवले होते. ती मुदत आदल्या दिवशीच संपली होती.

लिपिक म्हणाले, "आम्ही मेल पाठवला होता."

वडील म्हणाले, "साहेब, लेकरानं रोज तालुक्याला जाऊन मेल उघडून बघितला. आला नाही."

दोघेही प्रामाणिक होते. दोघेही खरे बोलत होते. मग पत्र गेले कुठे? याचे उत्तर संस्थेतीलच एका यंत्रात लिहिलेले होते. ते बाहेर कसे काढले, हे सांगण्यासाठी हा लेख.

नोंदवही कोण लिहिते?

आपल्या शाळेच्या कार्यालयात आवक-जावक रजिस्टर असते. सरकारी मराठीत त्याला बारनिशी म्हणतात. कोणते पत्र कोणत्या तारखेला आले, कोणाकडे गेले, त्याचा जावक क्रमांक काय, हे त्यात लिहिलेले असते. पत्रातला मजकूर मात्र त्यात नसतो.

ई-मेल पोहोचवणाऱ्या यंत्राला मेल सर्व्हर म्हणतात. तोही असेच एक रजिस्टर लिहीत असतो. त्याला लॉग म्हणतात. प्रत्येक पत्रासाठी तो तारीख, वेळ, क्रमांक, प्रेषक, प्राप्तकर्ता आणि पत्राचे पुढे काय झाले ते नोंदवतो. कंटाळत नाही, रजेवर जात नाही, कोणाची बाजूही घेत नाही.

ई-मेल आपल्याला अगदी कालपरवाची गोष्ट वाटते, पण तिची मुळे जुनी आहेत. एका यंत्रावरून दुसऱ्या यंत्रावर पत्र पाठवताना नाव आणि यंत्र यांच्यामध्ये ॲट हे चिन्ह वापरण्याची रीत रे टॉमलिन्सन यांनी १९७१ साली अमेरिकेत घातली. भारतात १९८६ साली अर्नेट नावाचे शैक्षणिक जाळे सुरू झाले. त्यात पाच आयआयटी, बंगळूरची भारतीय विज्ञान संस्था, केंद्राचा इलेक्ट्रॉनिक्स विभाग आणि मुंबईची एनसीएसटी या संस्था होत्या. जुहूची एनसीएसटी आणि पवईची आयआयटी यांच्यात टेलिफोनच्या तारेवरून सुरू झालेली ई-मेलची देवाणघेवाण ही देशातील अगदी सुरुवातीच्या जोडण्यांपैकी एक. ती एनसीएसटी पुढे सी-डॅकमध्ये विलीन झाली. सर्वसामान्य नागरिकांना इंटरनेट मिळाले ते १५ ऑगस्ट १९९५ पासून.

लॉग लिहिण्याच्या पद्धतीचा इतिहासही गमतीचा आहे. सेंडमेल हा प्रसिद्ध मेल सर्व्हर लिहिणारे एरिक ऑलमन यांनी १९८० च्या दशकात आपल्या सेंडमेलच्या नोंदी ठेवण्यासाठी सिसलॉग नावाची सोय केली. ती इतकी उपयोगी ठरली की, पुढे जगभरच्या यंत्रांनी आपापल्या नोंदींसाठी तीच उचलली. म्हणजे टपालाच्या हिशेबासाठी केलेली वही सगळ्या घराच्या हिशेबाला लागली! आमच्या संस्थेत पोस्टफिक्स नावाचा मेल सर्व्हर होता. तो व्हिएत्से व्हेनेमा यांनी लिहिला आणि १९९८ साली लोकांसाठी खुला झाला. आजही तो जगभर वापरात आहे.

बिदरजवळच्या नौबादला बहमनी काळातली करेज तुमच्यापैकी अनेकांनी सहलीत पाहिली असेल. पाणी जमिनीखालून वाहते, वरून काही दिसत नाही. पण ठिकठिकाणी खाली उतरणारी उभी विवरे आहेत. त्यांतून डोकावले की, पाणी इथपर्यंत आले की अलीकडेच अडले, ते कळते. ई-मेलही असाच एका सर्व्हरवरून दुसऱ्या सर्व्हरवर आपल्या डोळ्यांआड वाहत असतो. प्रत्येक सर्व्हरचा लॉग म्हणजे असे एक विवर समजा.

लॉगमध्ये काय लिहिलेले असते?

मूळ लॉग इंग्रजीत असतो. एका पत्राच्या नोंदी मराठीत आणि थोडक्यात मांडल्या, तर त्या साधारण अशा दिसतात:

जून २४, १६:४२:०८ – ७ए३एफ९बी – कार्यालयातील संगणकाकडून आले
जून २४, १६:४२:०८ – ७ए३एफ९बी – प्रेषक: प्रवेश विभाग, आकार ४८१२, प्राप्तकर्ते १
जून २४, १६:४२:१० – ७ए३एफ९बी – प्रति: अमुक पत्ता, उशीर २.१, स्थिती: सेंट (२५०)
जून २४, १६:४२:१० – ७ए३एफ९बी – रांगेतून काढले

येथे दोन गोष्टी नीट पाहा. पहिली म्हणजे ७ए३एफ९बी हा क्रमांक. सर्व्हरने पत्र रांगेत लावताना त्याला दिलेला हा जावक क्रमांक आहे. दुसरी म्हणजे एकाच पत्राच्या नोंदी चार ओळींत पसरल्या आहेत. प्रेषक एका ओळीत आहे आणि प्राप्तकर्ता दुसऱ्या. त्या दोघांना जोडणारा दुवा फक्त तो क्रमांक. शिवाय एकाच वेळी शेकडो पत्रे जात असतात. त्यामुळे या चार ओळी सलग सापडत नाहीत, मध्ये इतर पत्रांच्या ओळी घुसलेल्या असतात. बाजाराच्या दिवशी एसटी स्टँडवर चार गावांची माणसे मिसळावीत, तसा प्रकार!

तिसऱ्या ओळीतली स्थिती सर्वांत महत्त्वाची. ती मुख्यतः तीन प्रकारची असते.

सेंट: पुढच्या सर्व्हरने पत्र स्वीकारले. त्याच्या उत्तराचा आकडा २ ने सुरू होतो.

डिफर्ड: आत्ता घेता येत नाही, नंतर या. आकडा ४ ने सुरू होतो. पुढचा सर्व्हर बंद असेल, समोरची पेटी भरलेली असेल किंवा अनोळखी सर्व्हरला मुद्दाम थांबवले असेल, तर असे होते. आपला सर्व्हर थोड्या थोड्या वेळाने पुन्हा प्रयत्न करतो. पोस्टफिक्सच्या मूळ मांडणीत ही धडपड पाच दिवस चालते. त्यानंतर पत्र परत फिरते.

बाउन्स्ड: घेणार नाही. आकडा ५ ने सुरू होतो. उदाहरणार्थ ५५०, म्हणजे बहुधा या नावाचा कोणी आमच्याकडे नाही. पोस्टमन 'मालक सापडत नाही' असा शेरा मारून पत्र परत करतो, तसेच हे.

एक खबरदारी मात्र घ्यावी. सेंट म्हणजे वाचले असे नव्हे. पुढच्या दारात पत्र दिले, एवढेच त्यातून सिद्ध होते. दाराआड ते स्पॅमच्या टोपलीत गेले का, हे आपला लॉग सांगू शकत नाही. ते दुसऱ्याचे घर झाले.

नमुना म्हणजे काय?

त्या संध्याकाळी मी काय केले? मुलीच्या अर्जावरचा पत्ता जसाच्या तसा घेतला आणि लॉगमध्ये शोधला. उत्तर आले: शून्य ओळी. लिपिकांचा चेहरा उतरला. वडिलांना वाटले, यांनी पत्र पाठवलेच नाही. मलाही क्षणभर तसेच वाटले.

पण संगणकाला आपण नेमका एक शब्द विचारला होता आणि त्याने नेमके त्याच शब्दाचे उत्तर दिले होते. पत्ता टाइप करताना एखादे अक्षर चुकले असेल, तर? तेव्हा शब्द विचारून चालत नाही, नमुना विचारावा लागतो.

नमुना म्हणजे शब्दाचे वर्णन. चौकटींचे शब्दकोडे सोडवताना आपण म्हणतो, 'चार अक्षरी शब्द, पहिले अक्षर म, शेवटचे र'. हा नमुनाच झाला. संगणकाच्या भाषेत असे वर्णन लिहिण्याच्या पद्धतीला रेग्युलर एक्स्प्रेशन म्हणतात. तिचा गणिती पाया स्टीफन क्लीनी या अमेरिकन गणितज्ञाने १९५० च्या दशकात घातला. केन थॉम्प्सन यांनी ती कल्पना संगणकावर उतरवली आणि १९७३ साली युनिक्समध्ये ग्रेप नावाची आज्ञा आली. दिलेला नमुना ज्या ओळींत सापडेल, तेवढ्याच ओळी ती दाखवते. पन्नास वर्षे उलटली, तरी जगभरचे संगणकतज्ज्ञ दिवसातून कितीतरी वेळा ती वापरतात.

नमुन्याची मुळाक्षरे थोडीच आहेत. ती आपल्याच भागातली उदाहरणे घेऊन पाहू. मूळ पत्ते रोमन लिपीत असतात. येथे समजायला सोपे जावे म्हणून अक्षरे नागरीत लिहिली आहेत.

चौकोनी कंस म्हणजे यांपैकी कोणतेही एक अक्षर. [०-९] म्हणजे कोणताही एक अंक. आपल्या बिदर आणि कलबुर्गी भागातले पिन कोड ५८५ ने सुरू होतात. बिदरचा ५८५४०१, कलबुर्गीचा ५८५१०१. म्हणून ५८५[०-९][०-९][०-९] हा नमुना आपल्याकडचा कोणताही पिन शोधून काढतो. मात्र एखाद्या मोबाइल क्रमांकाच्या पोटात ५८५ आले, तर तोही या जाळ्यात सापडेल! म्हणून आजूबाजूला आणखी अंक नसावेत, अशीही अट घालावी लागते.

उभी रेघ म्हणजे किंवा. १ नोव्हेंबर २०१४ रोजी गुलबर्ग्याचे अधिकृत नाव कलबुर्गी झाले. जुने पत्ते, ई-मेलची जुनी नावे मात्र तशीच राहिली. म्हणून गुलबर्गा|कलबुर्गी|कलबुरगी असे तिन्ही विचारावे लागतात.

प्रश्नचिन्ह म्हणजे त्याच्या आधीचे अक्षर असले तर असू द्या, नसले तरी चालेल. कोणी बसवकल्याण जोडून लिहितो, कोणी मध्ये जागा सोडतो. प्रश्नचिन्हाच्या आधी एक मोकळी जागा ठेवून बसव ?कल्याण असा नमुना दिला की, दोन्ही सापडतात.

टिंब म्हणजे कोणतेही एक अक्षर. तारका म्हणजे तिच्या आधीचे चिन्ह शून्य किंवा कितीही वेळा. दोन्ही मिळून .* म्हणजे मध्ये काहीही चालेल.

^ म्हणजे ओळीचा आरंभ आणि $ म्हणजे ओळीचा शेवट.

उलटी तिरकी रेघ म्हणजे पुढच्या चिन्हाची जादू काढून घ्या. ई-मेलच्या पत्त्यात खरे टिंब असते. तेथे तिरकी रेघ दिली नाही, तर संगणक त्या टिंबाचा अर्थ कोणतेही अक्षर असा घेतो आणि नको त्या ओळीही आणून ठेवतो.

आता एक फजितीचे उदाहरण. सुरुवातीला बी-आय, मग .*, मग डी-ए-आर असा नमुना मी एकदा बिदर शोधण्यासाठी दिला होता. कोणी बिदर एका आयने लिहितो, कोणी जास्त अक्षरे घालतो, म्हणून मध्ये मोकळीक ठेवली. उत्तरात बिदर तर आलेच, पण पाठोपाठ गावोगावचे सगळे बिरादारही आले! बिरादार रोमनमध्ये लिहून पाहा: बी, आय, मग आर-ए, मग डी-ए-आर. नमुन्यात अगदी चपखल बसते. नमुना फार घट्ट ठेवला, तर हवे ते निसटते. फार सैल ठेवला, तर नको ते येते. ह्रस्व-दीर्घ कुठे बदलते, कोणते आडनाव कसे लिहितात, हे ठाऊक असणाऱ्यालाच बरोबर माप घेता येते.

हरवलेले पत्र सापडले

मुलीचे खरे आडनाव सांगत नाही, ते जाधव होते असे समजू. आपल्याकडे आणि बऱ्याच ठिकाणी रोमनमध्ये जाधव लिहिताना शेवटी व्ही लिहितात. विदर्भात मात्र कितीतरी कुटुंबे शेवटी ओ लिहितात. अर्ज हाताने भरलेला होता. लिपिक विदर्भाकडचे. त्यांच्या बोटांना ओची सवय. ही गोष्ट त्यांच्याशी बोलताना ध्यानात आली आणि मी नमुना बदलला: जाध[वओ], पुढे काहीही.

एक ओळ सापडली. पत्त्यात व्हीच्या जागी ओ होता. स्थिती: बाउन्स्ड, ५५०, असा वापरकर्ता नाही.

पत्र संस्थेतून गेले होते, म्हणून लिपिक खरे. पत्र मुलीकडे आले नव्हते, म्हणून वडील खरे. एका अक्षराच्या फरकाने पत्र दारातून परतले होते.

दोन फेऱ्यांची स्क्रिप्ट

पण तेवढ्यावर काम भागत नव्हते. ते पत्र नेमके कोणी, किती वाजता पाठवले? परत आलेला शेरा कोणाच्या पेटीत पडला? आणि असे आणखी किती विद्यार्थी असतील? हे हाताने शोधायचे, तर रात्र सरली असती. म्हणून स्क्रिप्ट लिहिली. स्क्रिप्ट म्हणजे संगणकाने ओळीने पार पाडायच्या आज्ञांची चिठ्ठी. आईने किराणा दुकानदाराकडे यादी पाठवावी, तशीच. मी ती पर्लमध्ये लिहिली. पर्ल ही भाषा लॅरी वॉल यांनी १९८७ साली काढली आणि मजकुरात नमुने शोधणे हे तिचे खास काम. आज तुम्ही हीच स्क्रिप्ट पायथनमध्ये लिहाल. भाषा कोणतीही असो, कृती तीच. मराठीत मांडायची तर अशी:

पहिली फेरी
१. लॉगची वही उघड. एकेक ओळ वाच.
२. ओळीत 'प्रति' आहे का आणि पत्ता नमुन्याशी जुळतो का, ते पाहा.
३. जुळत असेल, तर त्या ओळीतला जावक क्रमांक यादीत लिहून ठेव.

दुसरी फेरी
४. वही पुन्हा पहिल्यापासून वाच.
५. ओळीतला जावक क्रमांक यादीत असेल, तर ती ओळ त्या क्रमांकाच्या गठ्ठ्यात ठेव.
६. शेवटी एकेक गठ्ठा छाप: वेळ, प्रेषक, प्राप्तकर्ता, स्थिती.

दोन फेऱ्या कशासाठी? प्रेषकाची ओळ प्राप्तकर्त्याच्या ओळीच्या आधी येते. पहिल्या फेरीत प्रेषकाची ओळ समोरून जाते, तेव्हा हे आपल्याला हवे असलेलेच पत्र आहे, हे अजून माहीत नसते. म्हणून आधी क्रमांक गोळा करायचे आणि मग परत फिरून त्यांचे सगळे कागद उचलायचे.

परतीच्या शेऱ्याचेही असेच आहे. पत्र परत फिरले की, सर्व्हर प्रेषकाला त्याची सूचना पाठवतो. ती सूचना हे स्वतःच एक नवे पत्र असते आणि तिला नवा क्रमांक मिळतो. तो क्रमांक जुन्या पत्राच्या नोंदीत लिहिलेला असतो. त्या धाग्यावरून गेलो, तेव्हा कळले की, सूचना प्रवेश विभागाच्या सामायिक पेटीत पडली होती. प्रवेशाच्या गर्दीत ती पेटी कोणी उघडलीच नव्हती.

मग स्क्रिप्टमध्ये नाव काढून टाकले आणि फक्त 'स्थिती: बाउन्स्ड' एवढाच नमुना ठेवला. त्या आठवड्यात प्रवेश विभागाकडून गेलेली आणि परत आलेली सगळी पत्रे एका कागदावर आली. एका मुलीसाठी सुरू केलेला शोध आणखी काही मुलांच्याही उपयोगी पडला.

फसगतीच्या जागा

हे काम करून पाहणाऱ्यांसाठी अनुभवाचे चार बोल.

तारखेत वर्ष नसते. सिसलॉगच्या जुन्या धाटणीत फक्त महिना, दिवस आणि वेळ लिहिलेली असते. गेल्या वर्षीचा जून आणि यंदाचा जून एकत्र झाले, तर घोटाळा होतो.

घड्याळ कोणते, ते आधी पाहावे. काही सर्व्हर जागतिक वेळेवर चालतात. आपली वेळ तिच्यापुढे साडेपाच तास. लॉगमधले सकाळचे सव्वाअकरा म्हणजे आपल्याकडचे संध्याकाळचे पावणेपाच.

जावक क्रमांक पुन्हा वापरले जातात. पोस्टफिक्सचे छोटे क्रमांक काही काळाने दुसऱ्या पत्राला मिळू शकतात. २०१२ सालच्या २.९ या आवृत्तीपासून लांबलचक, बराच काळ पुन्हा न येणारे क्रमांक ठेवण्याची सोय आहे. ती मुद्दाम चालू करावी लागते. तोवर एका क्रमांकाच्या गठ्ठ्यात दोन वेगळ्या दिवसांच्या ओळी आल्या, तर थांबून विचार करावा.

वही कायमची नसते. बऱ्याच लिनक्स यंत्रांवर मूळ मांडणीनुसार दर आठवड्याला नवी वही सुरू होते आणि चारेक आठवड्यांनी सर्वांत जुनी वही नष्ट होते. जुन्या वह्या आवळून बांधलेल्या असतात, त्या उघडून वाचण्याचीही सोय असते. पण तक्रार दोन महिन्यांनी केली, तर पुरावाच उरलेला नसतो. शंका आली की लगेच विचारावे.

नमुना जपून लिहावा. २ जुलै २०१९ रोजी क्लाउडफ्लेअर या मोठ्या कंपनीने आपल्या सुरक्षा नियमांत एक नवा नमुना घातला. त्यात 'मध्ये काहीही चालेल' अशा मोकळ्या जागा एकापुढे एक होत्या. प्रत्येक मोकळ्या जागेत किती अक्षरे बसवायची, याचे असंख्य पर्याय तपासताना त्यांचे संगणक दमून गेले आणि जगभरची असंख्य संकेतस्थळे सुमारे २७ मिनिटे बंद पडली. एवढासा नमुना आणि केवढा गोंधळ!

पुढच्या पिढीसाठी एक गंमत

आता पत्तेही देवनागरीत लिहिता येतात. रोमनखेरीज इतर लिप्यांतील ई-मेल पत्त्यांसाठीचे मानक २०१२ साली आले आणि पोस्टफिक्सने २०१५ च्या ३.० आवृत्तीपासून ते स्वीकारले. तेव्हा उद्याचे नमुने मराठीतही लिहावे लागतील. 'पाटील' हा शब्द आपल्याला तीन अक्षरी दिसतो. संगणकाला तो पाच चिन्हांचा दिसतो: प, काना, ट, दीर्घ वेलांटी आणि ल. साठवताना प्रत्येक चिन्हाला तीन बाइट लागतात, म्हणजे एकूण पंधरा. म्हणून नमुन्यात एक टिंब दिले, तर ते 'टी' पूर्ण पकडत नाही. ट पकडते आणि वेलांटी बाहेर राहते. कानामात्रा म्हणजे काय, हे ज्याला शाळेत नीट समजले आहे, त्याला हे लगेच उमगेल. ज्याला कानडी येते, त्याला कानडीतही असेच घडते, हे पडताळून पाहता येईल.

विद्यार्थ्यांनी एक प्रयोग करावा. संगणक कक्षात एका साध्या फाइलमध्ये वीस-पंचवीस काल्पनिक नावे, गावे आणि पिन कोड लिहा. मुद्दाम काही चुका करा: पाटिल-पाटील, हुमनाबाद-होमनाबाद, बसवकल्याण-बसव कल्याण. मग असा एक नमुना शोधा की, चुकलेलेही सापडेल आणि नको ते येणार नाही. लिनक्सवर ग्रेप आहे, विंडोजवर फाइंडस्ट्र आहे. वर्गात दोन गट पाडून करा. एकाने फाइल करायची, दुसऱ्याने शोधायचे. मजा येईल.

पालकांना आणि विश्वस्तांना विनंती

लॉगमध्ये पत्रातला मजकूर सहसा नसतो, हे खरे. पण कोणी कोणाला, केव्हा पत्र लिहिले, एवढेही खासगीच असते. हाताशी शोधाचे साधन आहे, म्हणून कुतूहलाने कोणाचाही पत्रव्यवहार चाळू नये. तक्रार असावी, अधिकाऱ्याची परवानगी असावी आणि हव्या तेवढ्याच ओळी पाहाव्यात. वैयक्तिक माहितीच्या संरक्षणासाठी देशाने २०२३ साली स्वतंत्र कायदाही केला आहे. त्या दिवशी मी आधी वरिष्ठांची लेखी परवानगी घेतली आणि मगच वही उघडली.

पालकांनी अर्जावर ई-मेलचा पत्ता सुट्या, ठळक अक्षरांत लिहावा. शक्य असेल तेथे तो टाइप करून द्यावा आणि घरात सर्वांनी एकच स्पेलिंग ठरवून घ्यावे. मेल आला नाही असे वाटले, तर स्पॅमची टोपली पाहावी आणि मुदतीच्या आतच संस्थेला फोन करून 'आपल्याकडे कोणता पत्ता नोंदवला आहे, तो वाचून दाखवा' असे म्हणावे. आमच्या लिपिकांना हा एक प्रश्न कोणी विचारला असता, तर पुढचे सगळे टळले असते.

शाळेनेही आपल्या कार्यालयात परत आलेली पत्रे रोज पाहण्याचे काम एका व्यक्तीकडे सोपवावे, अशी विश्वस्त मंडळाला नम्र विनंती आहे. त्यासाठी पैसा लागत नाही, रोजची दहा मिनिटे लागतात.

राहता राहिली त्या मुलीची गोष्ट. दुसऱ्या दिवशी सकाळी लॉगच्या ओळी छापून वरिष्ठांपुढे ठेवल्या. चूक अर्जदाराची नाही, हे कागदावरच दिसत होते. तिला आणि पत्रे परत आलेल्या इतर मुलांना दोन दिवसांची वाढीव मुदत मिळाली. लिपिकांनी स्वतः तिच्या वडिलांना फोन करून कळवले आणि पुढच्या वर्षीपासून अर्जावरचा पत्ता दोनदा लिहून घेण्याची पद्धत सुरू केली. मुलीने मूळ दाखला आणून दाखवला आणि तिचा प्रवेश झाला.

जाताना तिने मला विचारले, "दादा, एवढ्या मोठ्या वहीत माझी एकच ओळ कशी सापडली?" मी तिला जाध[वओ] हा नमुना कागदावर लिहून दाखवला. तिने तो कागद घडी करून वहीत ठेवला.